प्रश्न सतरावा

तोच पेपर. पंचेचाळीस मिनिटं.
बाराव्या प्रश्नातला स्वल्पविराम
तेव्हा जिथे सांडला होता तिथेच अजून.

सत्तावन्न वर्षांपूर्वी, जूनमधल्या एका बुधवारी,
स्कॉटलंडभरच्या अकरा वर्षांच्या पोरांना
एकाच दिवशी बसवलं होतं या पेपरला.
युद्ध संपलं होतं, ब्रेड अजून रेशनवर.
हे गठ्ठे तळघरात दम धरून राहतील
आणि आम्ही टॉर्च घेऊन त्यांच्यामागे येऊ,
हे कुणाच्या गावीही नव्हतं.
झीज मोजायची
तर आधी मूळ जाडी माहीत हवी ना.

एल्स्पेट स्लेटर, बकी गावची,
ॲबर्डीनच्या आमच्या खोलीत
कोट न काढताच बसली आहे.
पेन्सिलीचं टोक जिभेला लावते.
मी स्टॉपवॉच दाबते.
खिडकीबाहेर एक समुद्रपक्षी
चिप्सच्या रिकाम्या पिशवीशी भांडतोय.

सतरावा: गटात न बसणारा शब्द खोडा.
कॉड, हॅडॉक, हेरिंग, देवमासा, मॅकरेल.

ती हेरिंग खोडते.

संध्याकाळी जुना गठ्ठा सोडला.
अकरा वर्षांच्या एल्स्पेटनेही हेरिंगच खोडला होता,
इतका दाबून, की कागद फाटायचाच बाकी.
शेजारी कुणा मास्तरची लाल फुली.
मीही माझी मारली. नियम म्हणजे नियम.
एकूण गुण आठने वाढले होते.
आख्ख्या आयुष्यात आठ.

नियमाबाहेरचं एकच केलं:
पुढच्या वेळी चहा देताना विचारलं.

"अगं, बाकीचे मासे बाबा आणायचा.
हेरिंग आईला घेऊन जायचा."

ऑगस्ट सरला की हेरिंगचे थवे दक्षिणेला,
थव्यांमागे बोटी,
बोटींमागे आगगाडीने बायका,
बोटांना चिंध्या गुंडाळून
यार्मथच्या धक्क्यावर मासे चिरायला.
नाताळच्या तोंडावर आई परतायची
आणि वेणी घालताना पोरीचे केस
तिच्या मिठाने खाल्लेल्या बोटांत अडकायचे.

"देवमासा? तो आमच्या घरी कधी आलाच नाही."

त्याच दिवशी मेंदूदानाच्या अर्जावर सही केली.
"खारवून ठेवणार का?"
नाही, म्हटलं, फॉर्मलिनमध्ये.
"बरं. मिठाचा कंटाळा आलाय."

मग रक्त, एमआरआय, झोपेची डायरी,
कानाचं यंत्र वापरता का, जिने चढता का,
आठवड्यातून मासे किती वेळा खाता.
यावर ती खोकला येईपर्यंत हसली.
बेरजेत हातचा एक द्यायला विसरली,
पुढच्या खेपेला
हातचा म्हणजे काय हेच.

सहाव्या वर्षी मुलगी सोबत आली, रोना.
आज वार कोणता?
एल्स्पेटने रोनाकडे पाहिलं.
घड्याळ काढा म्हटलं, तर सगळे आकडे उजवीकडे,
बोट कलल्यावर माणसं सरकतात तसे.
सतराव्यावर पेन्सिल थांबली.
इतका वेळ, की मीच माझ्या बुटांकडे पाहू लागले.
मग तिने हेरिंग खोडला.

का हो?
"कसलं का?"
आई नाही, यार्मथ नाही, मीठ नाही.
पेन्सिल मात्र पुन्हा तेवढीच दाबलेली.

टिकून राहिलेल्या चुकीसाठी
आमच्या तक्त्यात रकाना नाही.
मी शून्य भरलं.

आता अर्धा मेंदू फॉर्मलिनमध्ये,
अर्धा उणे ऐंशी अंशांवर.
काचपट्टीवर डाग दिसतात, गुंते दिसतात,
मोजता येतात. मी मोजते.
हेरिंग कुठल्या पेशींत होता
ते दिसत नाही.

रोनाचा फोन आला.
माझ्यातही असेल का हे?
सांगता येत नाही, म्हटलं. अजून तरी.
"मग मलाही बसवा पेपरला."

कोट खुर्चीच्या पाठीला लावून ती बसली.
सतराव्यावर पोचली.
मी मान वळवायला हवी होती, वळवली नाही.

देवमासा.

बरोबर.
अजून एकवीस मिनिटं शिल्लक.